सावे सरांच्या ट्रेलरचा आतला रंग

लोखंड तापलं की लाल होतं आणि माणूस सावध होतो. ॲल्युमिनियम तसं करत नाही. ते पांढरं ते पांढरंच राहतं आणि एका क्षणी मेणासारखं खाली गळून पडतं. म्हणून पत्रा नरम करायचा असला की आम्ही त्यावर अंगाला लावायचा साबण चोळायचो आणि खालून ज्योत फिरवायचो. साबण तपकिरी होऊन काळा पडला की ज्योत बाजूला करायची. तेवढी जागा मऊ झालेली असते, वाकवली तर घडीवर चीर जात नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. तीन पत्रे गळून पडल्यावर माझा मीच शिकलो.

तलासरीला हायवेच्या कडेला माझी शेड होती. टेम्पोच्या बॉड्या, फरसाणवाल्यांच्या गाड्या, डहाणूच्या मासेवाल्यांच्या बर्फाच्या पेट्या अशी कामं. मोजणं, कापणं, वाकवणं आणि रिव्हेट मारणं माझ्याकडे. रंग माझ्याकडे कामाला असलेल्या जान्याकडे. त्याच्या कामात मी कधी ढवळाढवळ केली नाही, माझ्या कामात त्यानेही केली नाही.

पत्र्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. डहाणूच्या एका मासेवालीसाठी मी पेटी केली होती, चांगल्या जाड पत्र्याची, पण रिव्हेट लोखंडी मारले. त्या दिवशी ॲल्युमिनियमचे संपले होते. खाऱ्या पाण्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम कुजतं. पावसाळा उलटला तशी ती बाई टेम्पोतून पेटी घेऊन आली, शेडच्या दारात उतरवली आणि मला म्हणाली, हात घाल. रिव्हेटच्या भोकातून माझी दोन बोटं आरपार गेली. मी नवी पेटी करून दिली, आणि पुन्हा कधी कुठल्या कामात लोखंडी रिव्हेट वापरला नाही. माझ्या हातून झालेल्या चुकांपैकी ही दुरुस्त होण्यासारखी होती.

जान्या मूळचा गंजाडचा, वारली. लग्नानंतर तलासरीच्या पूर्वेला सासऱ्याच्या पाड्यावर घर बांधून राहिला. शाळा फार झाली नव्हती, पण रंगाच्या बाबतीत त्याच्यासारखा डोळा मी पाहिला नाही. एकदा एक कुल्फीवाला बायकोची साडी घेऊन आला. गाडी अगदी याच रंगाची पाहिजे म्हणाला. साडी गुलाबीही नव्हती आणि जांभळीही नव्हती. जान्याने ती उन्हात धरली, सावलीत धरली, मग चार डब्यांतून थोडं थोडं घेऊन काठीने ढवळत बसला. कुल्फीवाल्याने गाडीवर साडी टाकली तेव्हा ती कुठे संपते ते नीट पाहावं लागत होतं. मी त्याचं कौतुक केलं तर म्हणाला, "साडी जुनी हाय. चार वेळा धुतलेला रंग केला मी, नवा नाय केला."

आमच्याकडे पाड्यावरची माणसं लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणतात. जान्या मला 'मिस्त्री' आणि 'तू' म्हणायचा. वीस वर्षं म्हटला.

सावे सर २०१७च्या पावसाळ्यानंतर आले. मसोलीला घर, मागे चिकूची थोडी वाडी, तांत्रिक शाळेत शिकवून निवृत्त झालेले. हातात गुंडाळलेला कागद. उलगडला तर त्यावर चाकांवरचं एक घर होतं, जीपच्या मागे ओढून न्यायचं. सहा फूट रुंद, दहा फूट लांब, एक पलंग, एक ओटा आणि कोपऱ्यात न्हाणीघर. प्रत्येक घडीचं माप मिलिमीटरमध्ये. मी त्यांना विचारलं की लॉज असताना एवढा खटाटोप कशाला. त्यांनी कागद पुन्हा गुंडाळला आणि सांगितलं.

त्यांच्या पत्नीचं, काकूंचं, आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. पोटावर कायमची पिशवी लावावी लागत होती. ती दिवसातून अनेकदा बदलायची, जागा धुवायची. परक्या न्हाणीघरात त्यांना ते जमत नव्हतं. ऑपरेशननंतर दोन वर्षं त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. मुलीच्या घरीसुद्धा गेल्या नव्हत्या. सर म्हणाले, "तिला समुद्राच्या कडेकडेने खाली गोकर्णापर्यंत जायचंय. लग्न झाल्यापासून म्हणते आहे. तिचं न्हाणीघर तिच्याबरोबर गेलं तर ती येईल."

ते काम मी मनापासून घेतलं. तसं मन लावून मी आधी कुठलंच काम केलं नव्हतं, हे सांगायला हरकत नाही. खालचा सांगाडा लोखंडी आणि वर पत्रा ॲल्युमिनियमचा, म्हणून दोन्हींच्या मध्ये सगळीकडे रबराची पट्टी घातली. छताचे कोपरे सरांना गोल हवे होते, कारण कोनात घाण साचते. गोल कोपऱ्यासाठी पत्रा एका झटक्यात वाकवता येत नाही. यंत्रात धरून थोडा दाबायचा, अर्ध्या बोटाने पुढे सरकवायचा, पुन्हा थोडा दाबायचा. एकेका कोपऱ्याला चाळीस-पन्नास दाब. सर स्टूल घेऊन बसायचे आणि पुठ्ठ्याचा साचा लावून पाहायचे. साचा आणि पत्रा यांच्यात उजेड दिसला तर मान हलवायचे. त्यांचा मला राग यायचा आणि आदरही वाटायचा.

मग रंग. ॲल्युमिनियमवर रंग बसत नाही. घासून पांढऱ्या केलेल्या पत्र्यावर घटकाभरात न दिसणारी साय धरते आणि रंग त्या सायीवर बसतो, पत्र्यावर नाही. महिन्याने पापुद्रा निघतो. म्हणून घासायचं, धुवायचं, आणि त्याच दिवशी पत्र्याला चावणारा खास अस्तराचा रंग मारायचा. जान्याने आतबाहेर अस्तर मारलं. पुढचा रंग कोणता यावर आम्ही तिघे बोललो. साधा ऑईलपेंट फिनेलने रोज धुतला तर टिकत नाही. काकूंना तर भिंती रोज धुवायच्या होत्या. म्हणून दोन डब्यांचा पक्का रंग ठरला, ज्यात रंगात तो कडक करणारा हार्डनर मिसळून फवारणीच्या गनने मारतात. वाळला की काचेसारखा होतो. महागड्या गाड्यांना मारतात तो.

डबे सर स्वतः वापीहून घेऊन आले. हार्डनरच्या डब्यावरचं बारीक इंग्रजी त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि मला बाजूला बोलावलं. बंद जागेत मारताना बाहेरून नळीने हवा येणारा मास्क लागतो असं लिहिलंय, म्हणाले. तसा मास्क मिळेपर्यंत थांबू या का, असंही विचारलं.

मी म्हणालो, "सर, आमचं रोजचं काम आहे हे."

ते खरं नव्हतं. तो रंग आम्ही आधी मोजून पाच-सहा वेळा वापरला होता आणि दर वेळी उघड्यावर. पण सर महिनाभर माझ्या कामात उजेड शोधत होते आणि आता रंगातही शोधायला लागले, एवढंच मला त्या क्षणी वाटलं. सरांनी डबा खाली ठेवला. आपण शिक्षक आहोत, कारागीर नाही, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला. जान्या तिथेच गन साफ करत होता.

जानेवारीतली दुपार होती. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडक्यांच्या भोकांवर कागद चिकटवले आणि दारावर प्लॅस्टिक सोडलं. जान्याने नेहमीसारखा रुमाल तोंडावर बांधला आणि दिवा घेऊन आत शिरला. पहिला हात झाला. बाहेर येऊन पाणी प्याला, छाती जड वाटते म्हणाला, विडी ओढली नाही. पुन्हा आत गेला.

हवेचा कंप्रेसर गन चालू असली की मधून मधून धडधडतो. मी बाहेर दाराची चौकट घासत होतो. कंप्रेसर गप्प झालाय हे मला कळलं होतं. जान्या एखादी जागा सुकायची वाट बघत असेल, असं मी धरून चाललो. दहा मिनिटं तरी मी तसाच घासत राहिलो असेन. मग प्लॅस्टिक बाजूला केलं. जान्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात गुडघे छातीशी घेऊन बसला होता. तोंड उघडं, मान ताणलेली, ओठ निळसर. रुमाल गळ्यात उतरला होता. गन त्याने रंगाला लागू नये अशी जमिनीवर नीट आडवी ठेवली होती.

टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी लगेच ऑक्सिजन लावला, सुई दिली. तासाभराने त्याची धाप जरा कमी झाली तेव्हा त्यांनी मला विचारलं की काय काम करत होता. रंगाचं, म्हणालो. मास्क होता का?

वीस वर्षांत माझ्या शेडमध्ये अपघाताची नोंद नव्हती. पोलीस येतील, पंचनामा होईल, शेडला कुलूप लागेल, हे सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं.

"होता," मी म्हणालो. "चांगला मास्क होता. बाहेरच मारत होता, उघड्यावर."

जान्या पलीकडे तीन हातांवर पडला होता. त्याचे डोळे उघडे होते. डॉक्टर बाईंनी माझं म्हणणं लिहून घेतलं. मास्क लावून उघड्यावर काम करताना एवढं झालं म्हणजे मूळचा दमा असणार, थंडी आणि धुळीने उठला असेल, असा त्यांनी अर्थ लावला. माझ्या शब्दांवरून दुसरा कोणता लावणार? तोंडात मारायचा पंप दिला, पंधरा दिवस विश्रांती सांगितली. मास्क लावून काम करायला हरकत नाही म्हणाल्या.

हे वाक्य पुढे मी फार वेळा आठवलं आहे.

तीन आठवड्यांनी जान्या आपणहून आला. बाहेरचा रंग बाकी होता. चेहरा उतरला होता, पण चालणं ठीक होतं. बाहेरचं काम तर खरंच उघड्यावर होतं आणि या वेळी मी औषधाच्या दुकानातून मास्क आणून ठेवला होता. कागदी, दोन दोऱ्यांचा. तो हार्डनरच्या वाफेला अडवत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेता आलं असतं. सरांना एक फोन केला असता तर त्यांनी सांगितलं असतं. जान्याने गन भरली, हातावर एक फवारा मारून पाहिला आणि भिंतीकडे वळला. भिंतीवर दोन पट्टे मारले असतील नसतील. या वेळी त्याला खाली बसायलाही वेळ मिळाला नाही.

वापीला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे मी सगळं खरं सांगितलं. डबा बरोबर नेला होता. डॉक्टरांनी डबा वाचला आणि मला समजेल असं सांगितलं. पहिल्या दिवशी बंद खोक्यात याने जे ओढलं त्याने याचं शरीर बिथरलं. आता त्याचा एक थेंब हवेत असला तरी छाती आवळणार. पहिल्या वेळीच हा रंग कायमचा बंद केला असता तर कदाचित बरंच सुधारलं असतं. मग त्यांनी विचारलं की पहिल्या दवाखान्यात हा डबा दाखवला नव्हता का. मी डबा उचलून पिशवीत ठेवला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

ट्रेलर बाहेरून तसाच राहिला, करड्या अस्तरावर गुडघ्याच्या उंचीला दोन पांढरे पट्टे. मी सरांना घडलं ते सांगितलं, दवाखान्यात खोटं बोललो तेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. "मी आग्रह धरायला हवा होता," एवढंच म्हणाले आणि ट्रेलर आहे तसा घेऊन गेले. बाहेरून रंग नको म्हणाले. फेब्रुवारीच्या शेवटी ते दोघं निघाले आणि खरोखर गोकर्णापर्यंत जाऊन आले. सरांनी फोटो पाठवला. मागे समुद्र, ट्रेलरच्या पायरीवर काकू बसलेल्या, हातात कप. चेहऱ्यावर इतका साधा आनंद होता की मी तो फोटो कुणाला दाखवला नाही, पुसलाही नाही.

जान्या शेडवर येऊ शकत नव्हता. थिनरच्या नुसत्या वासाने खोकल्याची उबळ यायची. त्याची बायको लखमी चिकूच्या वाडीत मजुरीला जायची. मी पाड्यावर जायचो, पंपाची औषधं नेऊन द्यायचो. तो झाडाखाली बाजेवर उशाला दोन गोधड्या घेऊन बसलेला असायचा, कारण आडवं झालं की श्वास पुरत नसे. रस्त्यावरून जाणाऱ्या टेम्पोंचे रंग बघायचा. एखादा दिसला की म्हणायचा, याने अस्तर नीट घासलं नाय.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. आधी जमिनीतून सुरुंगासारखा आवाज यायचा, मग हादरा. कधी दिवसाला एक, कधी चार. भिंतींना भेगा गेल्या. घरात झोपायची कुणाची हिंमत होईना. पाड्यावर माणसं अंगणात, शेतात, मिळेल त्या ताडपत्रीखाली राहायला लागली. सरकारी तंबूही आले. जान्याला तंबू सोसला नाही. आत कोंडायचं, बाहेर दव आणि धूर. जानेवारीत मी गेलो तेव्हा तो बोलताना दर तीन शब्दांनंतर थांबत होता.

हे मी सरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपच्या मागे ट्रेलर लावून ते पाड्यावर आले. काकूंनीच पाठवलं होतं. पिशवीत नवी चादर, उशा आणि खिडकीला लावायची जाळी दिली होती. सरांनी चाकांना दगड लावले, पाण्याची टाकी भरली, लखमीला नळ कसा सोडायचा ते दाखवलं आणि जान्याला नमस्कार करून निघून गेले. फार वेळ थांबणं त्यांना जमलं नाही.

रंग वाळून वर्ष झालं होतं. आता त्यात काही अपाय नाही, असं मी वापीच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. तरी जान्या आत पाऊल टाकताना मी दार हाताने उघडं धरून ठेवलं. तो हळूहळू शिरला, भिंतीवरून तळवा फिरवला. मग न्हाणीघराच्या कोपऱ्यात वाकला. तिथे हातभर जागेत रंगाचा ओघळ होता आणि त्याच्याखाली अस्तर उघडं राहिलं होतं.

"इथं थांबलो मी," तो म्हणाला.

पलंगावर टेकून बसला. खिडकीतून वारा येत होता. लखमी बाहेर चूल पेटवत होती, धूर पलीकडे जाईल अशा बेताने. मी वर्षभर जे बोलायचं टाळत होतो ते तेव्हा बोललो. दवाखान्यात मास्क होता म्हणालो, ते खोटं होतं. तू उघड्यावर मारत होतास म्हणालो, तेही खोटं. तसं बोललो नसतो तर डॉक्टर बाईंनी तुला दुसऱ्यांदा गन धरू दिली नसती.

"ऐकलं ना मी," जान्या म्हणाला. "तिथंच होतो."

मग बोलला का नाहीस, मी विचारलं.

त्याने श्वास जमवला. "तुझी शेड बंद झाली असती. मंग मी कामाला कुठं गेलो असतो?"

मला वाटलं होतं तो रागावेल किंवा माफ करेल. दोन्हीची मी तयारी केली होती. या उत्तराची केली नव्हती. मग तो म्हणाला की लखमीला सांगू नको, ती भांडेल. आणि डोळे मिटून बसला.

ट्रेलरमध्ये तो पाच महिने राहिला. धक्के कमी झाले, लोक घरात परतले, तरी जान्या तिथेच होता, कारण तिथे वारा होता. आषाढात हवा ओली झाली आणि त्याची छाती पुन्हा भरली. दवाखान्यात नेईपर्यंत तो राहिला नाही. वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. त्याला स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं.

शेड मी दसऱ्याच्या आधी बंद केली. आता ओळखीच्या एका कारखान्यात पत्रा वाकवायचं यंत्र चालवतो. तिथे रंगाच्या खोलीत नळीचे मास्क खिळ्याला टांगलेले असतात. उकडतं म्हणून पोरं ते घालत नाहीत. मी रोज जाऊन त्यांच्याशी भांडतो, माझं काम नसताना. म्हातारा डोक्यात जातो, असं ते माझ्यामागे म्हणतात.

शेड बंद करण्याआधी मी पाड्यावर गेलो होतो. जान्याने नको म्हटलं होतं, पण तो गेल्यावर त्याच्या त्या शब्दाआड मला लपायचं नव्हतं. लखमी अंगणात नागली पाखडत होती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. सरांनी डबा वाचला ते, मी त्यांना काय उत्तर दिलं ते, दवाखान्यात काय म्हणालो ते. तिने सूप थांबवलं नाही. माझं संपल्यावर सूप खाली ठेवलं, सुपातला एक खडा वेचून लांब टाकला.

"तुला ठाव होतं, मंग आतला रंग तू का नाय मारलास?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पत्र्याचा माणूस, रंग माझं काम नव्हतं, हे उत्तर माझ्या तोंडाशी आलं. ते खरंही होतं. मी ते दिलं नाही. तिने पुन्हा सूप उचललं.